बांधावरची हजेरी

"केरूची पोरगी माझे पडवीन कशी आली, तेवढंच सांग मास्तर. बाकी काय इचारीत नाय."

गावकीचे पुढारी दाजी घरत यांनी असा सवाल टाकला तेव्हा समाजमंदिराच्या ओट्यावर वीस-बावीस माणसं बसली होती आणि त्यांतला एकही जण पुंडलिक मास्तरांकडे बघत नव्हता. सगळे दाजींच्या हातातल्या मोबाइलकडे बघत होते. उन्हं उतरली होती, तरी मास्तरांच्या पाठीला घाम फुटला होता.

"ती आली नाय दाजी. मोबाइलवर दिसली. रविवारचा वर्ग असतो आमचा."

"मोबाइल कुठं होता? माझे पडवीन, माझे माठाला टेकून. त्याच्यान तिचं तोंड. माझा नातू तिच्याशी बोलतंय, हसतंय. मंग ती आली का नाय आली?"

एकतीस वर्षं पेणच्या शाळेत इंग्रजी शिकवलेल्या मास्तरांना असा सवाल आजवर एकाही पोराने टाकला नव्हता.

मोठीखार हे पेणहून खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरचं शेवटचं गाव. त्यापुढे बांध आणि बांधापलीकडे खाडी. दोन वर्षांमागे कोळंबीच्या तळ्यात पाणी घ्यायला हा बांध फोडला गेला आणि खारं पाणी केरू घरताच्या भातशेतीत जाऊन बसलं. तळं दाजींच्या थोरल्याचं, त्यामुळे बांध कोणी फोडला हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गावकी म्हणाली, आपसात मिटवू. केरूने बरेच महिने वाट बघितली आणि शेवटी तहसील कचेरीत अर्ज दिला. त्याला आता आठ महिने झाले, आणि तेवढेच महिने केरूचं घर वाळीत होतं. त्यांच्याशी बोलायचं नाही, दुकानात माल द्यायचा नाही, गिरणीत त्यांचं दळण घ्यायचं नाही. असं वाळीत टाकणं गुन्हा आहे, असा फलक ग्रामपंचायतीने समाजमंदिराच्याच भिंतीवर लावला आहे. गावकीची बैठक बरोबर त्याच्या खाली बसते. तिथे सावली चांगली असते.

मास्तर गावकीच्या पुढाऱ्यांतले नव्हते, पण गावकीच्या बाहेरचेही नव्हते. भांडण हा त्यांचा पिंडच नाही. केरूची किमया त्यांच्याच नववीच्या वर्गात होती, आणि गावातली आणखी पाच पोरंही त्याच वर्गात. तिच्याशी एक शब्द बोलावा तर संध्याकाळपर्यंत तो गावभर. मग मास्तरांनी पळवाट काढली. सगळ्या वर्गाची हजेरी ते नावाऐवजी नंबराने घेऊ लागले. किमया म्हणजे तेवीस. तिला काही सांगायचं असलं तर तिच्या शेजारी बसणाऱ्या बाहेरगावच्या, हमरापूरच्या समीक्षाला ते म्हणायचे, "तिला सांग, पान चाळीस काढ." समीक्षा सांगायची. किमया पान काढायची. आठ महिने हा भिकार खेळ चालला आणि मुलीचं शिकणं तर कुठे थांबलं नाही ना, असं मास्तर स्वतःला बजावत राहिले.

त्यातच संस्थेने पेण आणि रोहा अशा दोन्ही शाळांच्या नववीला मिळून रविवारचा ऑनलाइन वर्ग लावला. कल्पना रोह्याच्या वैशाली मॅडमची. इंग्रजी व्याकरणातून येत नाही, गोष्टीतून येतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्या युरोपचा इतिहास घेऊन बसल्या. पॅरिसचा पाव, लंडनची आग, बर्लिनची भिंत. धडा त्या पाठवायच्या, वर्ग मास्तर घ्यायचे. पडद्यावर मुलांच्या दोघादोघांच्या खोल्या करायच्या, त्यात मुलांनी त्या काळची माणसं व्हायचं आणि फक्त इंग्रजीत बोलायचं. "खारेपाटातल्या पोरांना बर्लिन कशाला पाहिजे?" असं मास्तर शिक्षकांच्या खोलीत कुरकुरले होते. पण निवृत्तीला तीन महिने राहिलेल्या माणसाचं कोण ऐकतो?

बैठकीच्या त्या रविवारी सकाळी बर्लिनची भिंत होती. एका रात्रीत तारा ओढल्या गेल्या, काका एका बाजूला राहिला, पुतणी दुसऱ्या. दहा मिनिटांत एकमेकांना काय विचाराल ते विचारा. जोड्या यंत्राने लावल्या, आणि यंत्राला गावकी माहीत नव्हती. दाजींचा नातू प्रणित आणि केरूची किमया एका खोलीत पडले.

मास्तर एकेका खोलीत डोकावत तिथे पोहोचले, तेव्हा प्रणित मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारत होता, "मी काका बोलतोय. तुझी आजी आता चालते का?"

"काठी घेऊन चालते. तुमच्या बाजूचे डॉक्टर येत नाहीत."

"तुमच्याकडे पीठ आहे?"

"तांदूळ आहे. पीठ आई पेणहून आणते. एसटीने."

प्रणितने मागे वळून पडवीत कोणी आहे का ते बघितलं. मग म्हणाला, "आमच्या मांजरीला तीन पिल्लं झाली. एक तुझं ठेवलंय." आणि किमया हसली. आठ महिन्यांत मास्तरांनी तिचं हसणं ऐकलं नव्हतं. बर्लिनचं नावही दोघं काढत नव्हती. दहा मिनिटं संपली तेव्हा मास्तरांनी त्यांना आणखी पाच वाढवून दिली. तीच नडली. त्या पाच मिनिटांत दाजी तळ्यावरून घरी परतले आणि पाणी प्यायला माठाकडे वळले.

आता ओट्यावरून उठता उठता दाजी अगदी मायेच्या आवाजात म्हणाले, "पुढचे रविवारी ती दिसली नाय पायजे. तुला मी काय नाय करीत मास्तर. पन हौसाकाकीचं वय झालंय. आज हाय, उद्या नाय. चार खांदं लागतील ना रं?"

मास्तर घरी पोहोचायच्या आत बातमी पोहोचली होती. त्यांची आई हौसाबाई चौऱ्याऐंशीची, दिवाळीपासून अंथरुणाला खिळलेली. पण कान शाबूत होते.

"त्या केरूचं नाव घरान काढू नको," ती खाटेवरून म्हणाली. "तुझे बापासचे मयताला तीन गावची मानसं व्हती. मना पन गाव पायजे. मी काय चोर-दरोडेखोर नाय, चार भाडोत्री मानसांनी उचलून न्यायला. बोल, व्हय बोल."

"व्हय," मास्तर म्हणाले.

"तीन महिने राहिले नोकरीचे," स्वयंपाकघरातून त्यांची बायको अनिता कडाडली. "तेवढे गप बसून काढवत नाय तुमाला?"

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी वैशाली मॅडमला फोन लावला. वर्गात एखाद्याला येऊ द्यायचं नसेल तर काय करायचं, असं त्यांनी आडून आडून विचारलं.

"सोपं आहे सर. वेटिंग रूम चालू करा. आलेलं प्रत्येक नाव आधी तुम्हाला दिसेल. तुम्ही बटण दाबलंत तर ते आत. नाही दाबलंत तर बाहेरच." मॅडम क्षणभर थांबल्या. "का हो सर? कुणी वर्गात त्रास देतंय का?"

"व्हय. तसंच काहीतरी."

"नाव द्या मला. मुख्याध्यापकांशी बोलते मी."

"नको नको, एवढं काही नाही," असं म्हणून मास्तरांनी फोन ठेवला. आपण केरूच्या पोरीला उपद्रवी ठरवून मोकळे झालो, हे फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांना स्वतःची किळस आली.

रविवारी दहाला एकेक नाव येऊ लागलं आणि मास्तर बटण दाबून आत घेऊ लागले. दहा वाजून दोन मिनिटांनी किमया केरू घरत हे नाव आलं. मास्तरांनी तिच्या खालच्या नावाला आत घेतलं, त्याच्याही खालच्या नावाला घेतलं. ते एक नाव तसंच राहू दिलं.

मास्तर जिथे बसतात त्या खोलीची खिडकी बांधाकडे उघडते. गावातल्या केबलवाल्याने केरूच्या घरचं वायफाय पहिल्याच आठवड्यात तोडून नेलं होतं. त्यामुळे किमया रविवारी रेंजसाठी बांधावर जायची. आजही ती तिथे उभी होती. एका हातात मोबाइल, आणि त्यावर सावली पडावी म्हणून दुसऱ्या हाताने वही आडवी धरलेली. महिना माघाचा असला तरी खाडीवरचं ऊन माघ-फाल्गुन बघत नाही. मास्तरांना ती खिडकीतूनही दिसत होती आणि पडद्यावरही. तिलाही खिडकी दिसत असणार.

आजचा धडा भिंत पडल्याचा होता. वैशाली मॅडमनी पाठवलेला उतारा मास्तर मोठ्याने वाचू लागले. फाटकापाशी हजारो माणसं येऊन उभी राहिली होती. पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याकडे वरून कसलाच हुकूम आला नव्हता. तो फोन करत राहिला, माणसं उभी राहिली. मॅडमनी हा उतारा मुद्दाम आपल्याला डिवचायला निवडला, असं मास्तरांना वाटून गेलं. पण त्या बिचारीला मोठीखार कुठल्या दिशेला आहे हेदेखील माहीत नव्हतं.

"सर, किमया ॲबसेंट?" प्रणितने मध्येच विचारलं. त्याच्या मागे दाजी खुर्ची टाकून बसले होते. त्यांचे गुडघे तेवढे दिसत होते.

"नेटवर्क प्रॉब्लेम," मास्तर म्हणाले. त्यांच्या पडद्याच्या कोपऱ्यात तिचं नाव जसंच्या तसं होतं.

अर्ध्या तासाने ते नाव नाहीसं झालं. गेली एकदाची घरी, म्हणून मास्तरांना हायसं वाटलं. त्यांनी खिडकीतून बघितलं. ती गेली नव्हती. मोबाइल उंच धरून रेंज शोधत होती. नाव पुन्हा आलं. तिने हात बदलला, वही या हातातून त्या हातात घेतली आणि पुन्हा उभी राहिली. बसलीसुद्धा नाही. शिक्षा झालेलं पोर जसं बाकावर उभं राहतं तशी ती उभी होती, आणि शिक्षा कोण देतंय हे तिला पक्कं माहीत होतं. चाळीस मिनिटं झाली. मास्तरांना राग आला. दाजींचा आला, आईचा आला, बांधावर हट्टाने उभ्या राहिलेल्या त्या पोरीचा तर फारच आला. ही बया जाईल तर आपण सुटू! पण ती जाईना.

शेवटची पाच मिनिटं हजेरीची.

"एकवीस."

"प्रेझेंट, सर."

"बावीस."

"प्रेझेंट, सर," प्रणित म्हणाला.

पुढचा आकडा तेवीस. आतल्या खोलीत आई खोकली. मास्तरांनी एकवार तिकडे बघितलं, एकवार खिडकीकडे, आणि बटण दाबलं.

"किमया केरू घरत," ते म्हणाले. मोठ्याने म्हणाले. घरभर ऐकू गेलं.

पडद्यावर तिचा लालबुंद चेहरा आला. मागे वारा घोंघावत होता.

"प्रेझेंट, सर."

"ऊन लागलं का गो?"

इंग्रजीच्या वर्गात मास्तरांना एवढंच सुचलं, आणि तेही गावच्या बोलीत. आठ महिन्यांत ते थेट तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. किमयाने मान हलवली.

"नाय सर."

प्रणितच्या चौकटीत दाजींचा पंजा आला आणि ती काळी झाली. पाठोपाठ गावातल्या बाकीच्या चारही चौकटी विझल्या. रोह्याची पोरं काय झालं म्हणून एकमेकांना विचारत राहिली. "चोवीस," मास्तर म्हणाले, मग थांबले आणि नाव घेतलं, "समीक्षा." शेवटच्या मुलापर्यंत त्यांनी नावानेच हजेरी घेतली.

संध्याकाळी अनिता दुकानातून रिकामी पिशवी घेऊन परतली आणि ती तिने मास्तरांच्या पायांपाशी भिरकावली.

"अर्धा तास उभी केली मना. माझ्या मागचे बाईला माल दिला, तिच्या मागचे बाईला दिला. माझ्याकडं कुनी बघितलंच नाय. आता तरी गार वाटलं का तुमाला?"

मास्तरांनी पिशवी उचलून खुंटीला अडकवली. कसं उभं केलं असेल ते त्यांना नीट कळत होतं. तसं उभं करायला त्यांना स्वतःलाही येत होतं.

सोमवारी गावातली रिक्षा त्यांना बघून न थांबता गेली. गिरणीवाल्याने दळणाचा डबा न उघडता परत पाठवला. गुरुवारी अनिता एसटीने पेणला दळायला गेली. पुढच्या बाकावर केरूची बायको पिठाची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, तरी दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. घरी अनिता तेवढी मास्तरांशी तुटकपणे बोलायची. घराबाहेर मात्र त्यांच्याशी कोणी बोलेना.

आणि घरात आई बोलेना. रविवारी तिने भिंतीकडे तोंड केलं ते फिरवलंच नाही. तिला मनाजोगतं मरण हवं होतं, त्यासाठी तिने मुलाकडून शब्द घेतला होता, आणि तो त्याने एका परक्या पोरीसाठी मोडला होता. तिची बाजू खोटी होती असं मास्तरांना म्हणता येत नव्हतं. उद्या ती गेली तर चार खांदे कुठून आणायचे, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते रोज संध्याकाळी शाळेतून आले की हातपाय धुऊन तिला पेज भरवायला बसायचे. हे काम पूर्वीपासून त्यांचंच. ती तोंड उघडायची, गिळायची, पण हाक नाही की हुंकार नाही.

शनिवारी तिने तोंडही उघडलं नाही. मास्तर चमचा धरून बसले. चमच्यातली पेज निवली, ती वाटीत ओतून त्यांनी पुन्हा गरम घेतली. हात भरून आला तेव्हा चमचा दुसऱ्या हातात घेतला. "आई," ते म्हणाले. "घे गो थोडी." म्हातारी भिंतीकडे बघत होती.

बऱ्याच वेळाने तिने ओठ उघडले. एक चमचा घेतला, तोंडात घोळवला, गिळला.

"अनिता गो," ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "त्याला सांग, पेजंत मीठ नाय."

अनिता दारात उभी होती. तिने सासूकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"मीठ नाय म्हनतात," ती म्हणाली.

मास्तर मीठ आणायला उठले.