ड्रूसिला ठणठणीत आहे

न्यूयॉर्कच्या त्या जाहिरात कंपनीत लायसँडर पेकचा हात धरणारा कोणी नव्हता. खेड्यापाड्यांतल्या पेपरांत वर्षभराची जागा आधीच विकत घ्यायची आणि जाहिरात छापायचे ठसे सगळीकडे एकदमच रवाना करायचे, ही शक्कल त्याचीच. खोकल्याच्या टॉनिकसाठी त्याने धाकट्या बहिणीचं, ड्रूसिलाचं हसरं चित्र करून घेतलं आणि खाली लिहिलं, 'मी आता ठणठणीत आहे.' तेव्हाही ती खोकतच होती.

हिवाळ्यात ती गेली. ती जाहिरात थांबवा म्हणून लायसँडर मालकाच्या हातापाया पडला.

"अरे बाबा, शेकडो छापखान्यांत गेलेत ते ठसे!" मालक वैतागला. "आता कोण गोळा करत बसणार? शक्कल तुझीच ना?"

तो व्हरमाँटला घरी गेला, तर टेबलावर ताजा पेपर. ड्रूसिला हसत होती, आणि आई त्या चित्रावरून बोट फिरवत होती.

"माझंच चुकलं रे," आई म्हणाली. "हे औषध कडू म्हणून ती नाक मुरडायची, आणि मी मेली चमचा चुकवू द्यायचे. नाहीतर बरी झालीच असती की."

"आई, ते औषध..."

"गप बस. माझी समजूत नको काढूस. माझा लेक काय खोटं लिहील होय?"