शब्दावर बसवलेली फरशी

मिस्त्रींनी शॉवरखालच्या कोपऱ्यात छिन्नी टेकवली आणि हातोडीचा पहिला घाव घातला. ही फरशी तीन आठवड्यांपूर्वी त्यांनीच बसवली होती. दारात ती हाताची घडी घालून उभी होती. तिच्या मागे, काठीवर भार देऊन, तिचे वडील.

खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई राहत. त्यांच्या छताला ओल आली, शिवायला आलेल्या कापडावर पाणी ठिबकलं आणि त्या तणतणत वर आल्या. तेव्हा हिने सगळं मिस्त्रींवर ढकललं होतं. जिन्यात, चारचौघांसमोर. तुम्ही काम नुसतं उरकलंय, असं तोंडावर म्हणाली होती. इमारतीच्या ग्रुपवर फोटोही टाकले होते. दुसऱ्या मजल्यावरच्यांचं स्वयंपाकघर मिस्त्री करणार होते. तेही मग त्यांना येऊ नका म्हणाले. मिस्त्रींनी वाद घातला नाही. उघडून बघू, एवढंच बोलले, आणि आज आले.

खरं काय ते तिला आधीपासून ठाऊक होतं.

वडिलांना जुन्या न्हाणीघराचा उंच उंबरठा ओलांडता येईना, म्हणून तर हे काम काढलं होतं. फरशीखाली पाणी झिरपू नये यासाठी मिस्त्रींनी काळा लेप दिला आणि दोन दिवस आत पाऊल टाकायचं नाही, असं दोनदा बजावलं. तिने दाराला खुर्ची आडवी लावली आणि कामावर गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतली तर खुर्ची थोडी तिरकी होती. आत कोपऱ्यात पाणी साचलेलं. गॅलरीत दोन टॉवेलांच्या मागे वडिलांचा पायजमा वाळत होता. वडील पेपर वाचत बसले होते. केस ओले होते. त्यांनी मान वर केली नाही.

तिनेही काही विचारलं नाही. ते झोपल्यावर फडक्याने पाणी टिपून घेतलं. सकाळी मिस्त्रींनी फोन करून विचारलं, आत कुणी गेलं नाही ना? वडील समोरच चहा पीत होते. ती नाही म्हणाली.

वडिलांची लाज राखली, अशी तिने मनाची समजूत घातली. ते खरंही होतं. पण जिन्यात तिचा आवाज चढला होता, तो काही वडिलांसाठी नव्हता.

तिसरी फरशी अखंड निघाली. खालच्या लेपात चार गोल भोकं होती, नाण्याएवढी, चौकोनात. मिस्त्रींनी एकात अंगठा घालून पाहिला. मग दाराबाहेरच्या लोखंडी स्टुलाकडे पाहिलं, आणि वडिलांकडे.

"कोपरा राहिलाय माझ्याकडून," ते म्हणाले. "नव्याने लेप देतो."

"तुमच्याकडून नाही," वडील म्हणाले. "मी बसलो होतो तिथे. कपडे खराब झाले होते. ही यायच्या आत आवरून घ्यावं म्हटलं."

त्यांनी तिच्याकडे मान कलवली.

"हिला यातलं काही माहीत नाही. असतं तर तिने तुम्हाला सांगितलं असतं. ती खोटं बोलत नाही."

भोकांच्या बाजूला, लेप ओला असताना फिरलेल्या फडक्याचे फराटे उमटले होते. मिस्त्रींची बोटं त्यांच्यावर थांबली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही.

"बरोबर आहे, काका. पण मीही नीट बघायला हवं होतं. शब्दावर गेलो."

आता ती गप्प राहिली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं.

"बाबा, ते पाणी मी पुसलं होतं."

वडिलांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"कधी?"

"त्याच दिवशी."

"म्हणजे गॅलरीतलंही पाहिलंस."

ती हो म्हणाली. वडिलांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ते वळले, भिंतीला हात लावत आपल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

मिस्त्री पुन्हा कामाला लागले. तिने फोन काढला आणि ग्रुप उघडला. त्यांच्यावरचा डाग आत्ताच्या आत्ता पुसायचा होता. तिने लिहिलं, ओल येण्यात मिस्त्रींचा काहीच दोष नव्हता. माझ्या वडिलांकडून चुकून…

"ताई," मिस्त्री म्हणाले. त्यांनी मान वर केली नव्हती. ते लेपाचा फाटलेला तुकडा खरवडून काढत होते. "ग्रुपवर लिहाल तर काकांचं काही घालू नका. तेवढं बघा."

तिचा अंगठा थांबला. मग ती वडिलांबद्दलचं एकेक अक्षर खोडायला लागली.