कोरी तार

धाकट्या बहिणीचं, मुमताजचं लग्न झालं, त्या वर्षीचा हिवाळा. मिरजेत सतारवाल्यांच्या गल्लीत ऊन उशिरा उतरायचं, आणि उतरलं की आधी भोपळ्यांवर बसायचं.

गच्चीगच्चीवर भोपळे. मधपिवळे, हळदपिवळे, मौनाने भरलेले भोपळे. तंबोऱ्यांसाठी वाळत घातलेले. वारा आला की आतल्या सुक्या बिया हलायच्या, आणि झोपेत कूस बदलावी तशी सगळी गल्ली हलकेच खुळखुळायची.

त्या गल्लीत दस्तगीरचा हात जवारीचा. तार जिथे टेकते ती हाडाची घोडी तो कानशीने इतकी हळू उतरवी, की छेडलेली तार घोडीला पुरती धरत नसे आणि पुरती सोडतही नसे. टेके, थरथरे, टेके. त्या थरथरीतून एका स्वराचे अनेक स्वर उमलत. त्या उमलण्याला जवारी म्हणतात. दस्तगीरची जवारी म्हणजे पहाटेच्या पाण्यावरचं धुकं, असं गाणारी माणसं म्हणत, आणि ते ऐकून तो मान खाली घाली. पण आतून उजळे.

आणि त्याच घराच्या माळ्यावर त्याचा भाऊ इलियास गिटार वाजवायचा.

आई-वडिलांच्या माघारी दस्तगीरने त्याला कडेवर वाढवलं होतं. दिवसा इलियास सांगलीत मोटारींचं वाइंडिंग करी, आणि संध्याकाळी माळ्यावर, स्वतः जुळवलेल्या ॲम्प्लिफायरसमोर, हेवी मेटल. काळा आवाज. लोहवर्ण, धूम्रवर्ण, दातेरी आवाज. जणू कुणी डोंगराला करवत लावली आहे, आणि डोंगर कण्हतो आहे.

समोरच्या ओट्यावरून गुलाबभाई ओरडे, "काय ओ दस्तगीरभाई, माळ्यावर गिरणी टाकली काय? दळण आणू?"

"गिरणी कुठली!" पलीकडून कुणी म्हणे. "कानस घासतोय पोरगा. भावाचाच धंदा की!"

गल्ली हसे. दस्तगीरही हसल्यासारखं करी. पण कानाच्या पाळ्या तापत, आणि हातातली कानस एका जागी थबके. शरम बोलत नाही. शरम धुरासारखी घरात भरते, आणि माणूस खिडकी उघडायची सोडून डोळेच मिटून घेतो.

मग सांगलीचा कार्यक्रम ठरला. कॉलेजच्या मैदानावर, दिवेलागणीला. चौघांचा बँड, गाणारा विश्वजित त्यांचा पुढारी. तिथे जमलं तर पुण्याच्या मोठ्या मंचावर बोलावणं होतं. इलियास आठवडाभर जेवताना ताटाच्या काठावर बोटं वाजवत होता.

"गिटार मी घेऊन येतो," दस्तगीर म्हणाला. "तू कामावरून थेट मैदानावर जा."

इलियासने घास तसाच धरला. "तुम्ही? तुम्ही येणार, भाईजान?"

त्या प्रश्नात एवढं ऊन होतं, की दस्तगीरला वर बघवेना.

त्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. दस्तगीरने गिटार मांडीवर घेतली. काळी, चकचकीत, जड. ना भोपळा, ना पोकळी, ना पोट. खाली सहा तारा जिथे टेकत, तिथे लोखंडाची सहा छोटी बोटं. तारांना जागा देणारी, आणि तारांना जराही न थरथरू देणारी.

बिचारी, त्याला वाटलं. हिला जवारीच नाही. म्हणून तर ही ओरडते.

त्यात माया होती, आणि मायेच्या तळाशी शरम होती. आपल्या घरातून निघालेला आवाज आपल्या नावाला शोभावा. गुलाबभाईने तो ऐकावा आणि गप्प बसावा. त्याने कानस घेतली. विचारलं नाही कुणाला. घास, फुंकर, बोटाने चाचपणं. घास, फुंकर, बोटाने चाचपणं. लोखंडाची ती सहा बोटं त्याने अशी उतरवली, की तार छेडताच मंद, मधुर, मधमाशीसारखी गुणगुणली. आयुष्यात असं काम क्वचित जमतं. त्याने गिटारीला मऊ फडकं गुंडाळलं, आणि ईदचा पांढरा झब्बा अंगात घालून तो निघाला.

मैदानावर पश्चिम जांभळी झाली होती. वीज गेली होती, ती ऐन वेळी आली. वाजवून बघायला कुणाला सवड मिळाली नाही. इलियासने धावत येऊन गिटार घेतली, गळ्यात घातली. भाऊ पहिल्या रांगेत उभा आहे हे पाहून तो हसला, आणि त्याने तारांवर पहिला आघात केला.

चिखल.

स्वर नव्हता, धार नव्हती, ठोका नव्हता. नुसता काळा, पसरणारा, गुरगुरणारा चिखल. दस्तगीरने दिलेली ती कोवळी थरथर ॲम्प्लिफायरच्या आगीत शिरली आणि हजारपट होऊन बाहेर आली. एक आघात दुसऱ्यात कालवला गेला, दुसरा तिसऱ्यात.

"अरे, पोळं उठलं रे!" मागून कुणी ओरडलं. "पळा, माश्या आल्या!"

मैदान हसलं. हसू लाटेसारखं मंचापर्यंत गेलं. विश्वजितने हात वर करून गाणं थांबवलं. "इल्या, काय केलंस गिटारीला? कुणी हात लावला?"

इलियासची बोटं तारांच्या बुडाशी गेली. एक बोट त्या सहा उतारांवरून सरकलं. हळूच, ओळखीनं, घरच्या उंबऱ्यावरून फिरावं तसं. त्याने मान वर केली. समोर पांढरा झब्बा.

"कुणी नाही," तो म्हणाला. "मीच घासलं. वाटलं, बरं वाजेल."

"लेका, आजच्या दिवशी?"

दस्तगीरच्या गळ्यापर्यंत शब्द आला. एकच शब्द. मी. तो गळ्याशीच टेकला, थरथरला, टेकला. बाहेर आला नाही. आभाळ जांभळ्याचं काळं झालं, पांढरा झब्बा तेवढा उजेडात राहिला. आणि त्या पांढऱ्या झब्ब्यात उभा माणूस स्वतःला विझवू पाहत राहिला.

परतीच्या एसटीत दोघे भाऊ शेजारी बसले. गिटार मध्ये. खिडकीबाहेर उसाचे फड मागे पळत होते, आणि दस्तगीरला वाटत होतं, आपणही असंच कुठेतरी मागे पळत जावं, आणि कुणी हाक मारू नये.

सकाळी चहा ओतताना इलियासचा हात स्थिर होता. तेच दस्तगीरला सोसेना.

"ते माझं काम होतं," तो म्हणाला.

"ठाऊक आहे. एवढी सुरेख जवारी मिरजेत दुसरं कोण काढणार?"

"मग काल बोलला का नाहीस?"

इलियासने बशी त्याच्यापुढे सरकवली. "तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो."

गच्चीवर बिया खुळखुळल्या. दस्तगीरने चहा तसाच ठेवला, वहाणा पायात सरकवल्या, आणि सांगली गाठली. विश्वजितच्या दारात, बँडच्या पोरांसमोर, मान वर करून त्याने सांगितलं. इलियासने नव्हे, मी. न विचारता. मी.

विश्वजित अवघडून गेला. "चाचा, काल सांगितलं असतं तर... पुण्यासाठी रात्रीच दुसऱ्या गिटारवाल्याला शब्द दिला." मग खाली बघत म्हणाला, "बसा ना. पाणी घ्या."

पाणी गोड होतं. दोनच घोट घेऊन तो उठला.

घरी आल्यावर त्याने हाडाची पट्टी काढली. लोखंडी बोटांच्या जागी बसवायला सहा तुकडे कापले. उतार नको, गोलाई नको. तार टेकावी अशी एक उभी, नेमकी धार. जन्मभर वळण घडवलेल्या हातांना सरळ धार साधेना. तुकडे वाया गेले, बोट कापलं. इलियास शेजारी येऊन बसला, आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगू लागला.

"खरखर इथे नको, भाईजान. ती पुढे ॲम्प्लिफायरच्या डब्यात होते. तार इथून कोरी निघाली पाहिजे. कोरी निघाली तरच तिला जाळता येतं. आधीच थरथरत आली, तर नुसता धूर."

"आणि आवाज मध्येच कापल्यासारखा होतो, ते?"

"हाताने." त्याने भावाचा तळवा उचलला, तारांच्या मुळाशी ठेवला. "दाबू नका. टेकवा. जोर सगळ्यांना येतो. आवाज थांबला कुठे, त्यावर सगळं आहे."

मग त्याने छेडलं.

दस्तगीरच्या तळव्याखाली काहीतरी दचकलं. आघात, आणि शांतता. आघात, आणि शांतता. काळ्या दगडाची भिंत चिऱ्यावर चिरा चढावी तसा आवाज चढला. तळाशी घट्ट, मध्ये भरलेला, वर धारदार. आणि चिऱ्यांच्या फटीफटीतून मौन, काळंभोर, कोरीव मौन. मग इलियासने भावाचा तळवा हळूच बाजूला केला आणि शेवटची तार मोकळी सोडली. ती पेटली. पेटत, पसरत, एका स्वराचे अनेक स्वर होत ती माळ्याच्या कौलांपर्यंत गेली. दस्तगीरने ओळखलं. इतकी वर्षं डोक्यावर वाजत होती ती हीच जवारी. त्याच्या तंबोऱ्यात धुकं होऊन उमलणारी, इथे वणवा होऊन उमललेली. आणि आपण कान असून गुलाबभाईच्या कानांनी ऐकत होतो.

तो रडला नाही. फक्त उठला, आणि गल्लीकडची खिडकी सताड उघडली.

"गिरणी चालू झाली वाटतं!" ओट्यावरून आलं.

"माझा भाऊ वाजवतोय," दस्तगीर म्हणाला. "बसा, ऐका."

त्यानंतर रोज संध्याकाळी तो जिन्याच्या वरच्या पायरीवर बसे. इलियास वाजवी, तो मान खाली घालून ऐके. पुण्याचं पुन्हा कुणी काढलं नाही. आणि न काढलेलं ते, निवलेल्या चुलीतल्या उबेसारखं, दोघांच्या मध्ये बसून राही. ऊन कौलांवरून उतरे, गल्ली निळी होई, आणि एक कोरी तार पेटे, आणि विझे, आणि पेटे.

दस्तगीर चार वर्षांनी वारला. मोहरमच्या आधल्या शुक्रवारी, दुपारी. गल्लीकडची खिडकी उघडीच होती.