बबिताचा जड चेंडू

शंकरपटाच्या, म्हणजे बैलाईच्या शर्यतीच्या, महिनाभर आधीपासून मी बैलाईले जड गाडा ओढाले लावतो. मंग पटाच्या दिवशी हलकी छकडी जुंपली का बैल हवेत उडतेत. आर्णीपासून नेरपर्यंत कोणालेही विचारा, धरमसिंगचे बैल म्हणजे काय ते! हेच डोकं मी माह्या पोरीवर चालवलं.

बबिता नववीत, शाळेच्या बेसबॉल टीमची पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी. खेळाच्या मोनाली मॅडमनं वेग मोजाची मशीन आणली तवा तिचा चेंडू ताशी अठ्ठ्याऐंशी किलोमीटरनं गेला. मॅडम म्हणे, "भाऊ, पंच्याण्णव गेला तर पुसदच्या निवडीत पोरगी राज्याच्या टीममध्ये पक्की. तिले पळवा, उठाबशा काढाले लावा. पाय अन् कंबर मजबूत झाली का वेग आपोआप वाढते. फेकणं मात्र एक दिवसाआड."

मले हसूच आलं. चेंडू का कोणी पायानं फेकते? म्या चेंडूएवढा दगड चिंध्यात गुंडाळून शिवला अन् तिले गोठ्याच्या भिंतीवर रोज शंभरदा फेकाले लावला.

"चाल, अजून दहा! थकाचं नाई!"

थकली तरी बोलली नाई. गुपचूप कोपर चोळे, मी पाह्यलं का हात खाली करे. बा खुशीत आहे, त्याचं मन कायले मोडाचं, म्हणून सोसत होती माही पोरगी. मले आंधळ्याले दिसलंच नाई.

पुसदले पहिला चेंडू एकोणसत्तर. दुसऱ्याले किंचाळली अन् कोपर धरून मैदानातच बसली. डॉक्टरनं फोटो दाखवला. वाढत्या हाडाचा तुकडाच सुटला होता.

"रोज किती फेकत होती?"

म्या सांगितलं.

"अन् आराम?"

आराम तं म्या एक दिवसबी दिला नव्हता. डॉक्टर म्हणे, पिचिंग आता विसरा. पोरगी फोटोकडे पाहतच राह्यली.

काल नेरच्या पटाचं बोलावणं आलं. बबिता डाव्या हातानं बैलाईले सरकीची ढेप चारून राह्यली होती. म्हणे, "बा, उद्यापासून याईले मोकळं सोड. पटाच्या आधी आठ दिवस तू याईले जुंपत नाईस न?"

टोमणा नव्हता तो. साधंच बोलली पोरगी, नेहमीसारखी. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. मी तिथंच गोठ्यात बसून ढसाढसा रडलो, अन् ती डाव्या हातानं माही पाठ थोपटत राह्यली.