काळ्या गाडीवरच्या रेघा

अबुजरने शटर अर्धे खाली ओढले, दुकानातले दिवे मालवले आणि हातातला छोटा दिवा गाडीच्या बॉनेटवर तिरका धरला. काळ्या रंगावर एकदम असंख्य बारीक रेघा उमटल्या. सगळ्या गोल, एकीत एक अडकलेल्या, कोळ्यांनी मिळून जाळे विणल्यासारख्या.

"ताई, ही गाडी धुतंय कोण?"

संयोगिताने मागे वळून पाहिले नाही. मागे भिंतीशी, प्लास्टिकच्या खुर्चीवर तिचे सासरे बसले होते.

"मी," ती म्हणाली.

"तुम्ही? कशानं?"

"कापडानं. साध्या."

"कापडानं न्हवं हे." अबुजरने दिवा दारावर नेला, मग टपावर. "काथ्या हाय ह्यो, नारळाचा. आणि वर दाब देऊन, गोल गोल. म्हस घासत्यात तशी घासलीया की ओ गाडी!"

आपल्याच बोलण्यावर तो मोठ्याने हसला. संयोगिताही हसली, जरा जास्तच. मागे खुर्ची करकरली आणि गप्प झाली.

तिला एकटीला यायचे होते. कॉलेजातून रजा काढली होती, शिकवायला जातेय असे घरात सांगितले होते. पण गाडी सुरू केली तेव्हा सासरे गणपतराव आपणहून पुढचे दार उघडून आत बसले. "मीबी येतो. घरात बसून भिंती बघायच्या व्हय?" मग रस्त्यात तिने सांगून टाकले, गाडीला पॉलिश करून घ्यायचेय म्हणून. कशामुळे, ते सांगितले नाही.

कसबा बावड्यातल्या त्यांच्या घराला लागून गोठा होता. गणपतरावांचे अर्धे आयुष्य त्या गोठ्यात गेले. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून मिरवायला काढत, तेव्हा त्यांच्या हरणी म्हशीच्या पाठीवर ऊन पडले की लोक थांबून बघत. पुढे गुडघ्याचे ऑपरेशन झाले, वाकणे बंद झाले आणि म्हशी विकाव्या लागल्या. त्या वर्षी ते उजाडल्यावरही अंथरुणातच पडून असत. चहा पुढे ठेवला तर घेत, नाही ठेवला तर मागत नसत. गोठ्याची जमीन सिमेंटची झाली, तिथे संयोगिताची गाडी आली. आणि एका पहाटे तिला बादलीचा आवाज ऐकू आला.

तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिले होते. काथ्याची शेंडी हातात घेऊन मामंजी गाडीला घासत होते. गुडघा न वाकवता, चाकापासून टपापर्यंत. मधूनच दोन पावले मागे सरून, मान कलती करून चकाकी बघत होते. तिने हाक मारायला तोंड उघडले आणि मिटले. त्या दिवशी चहा त्यांनी स्वतः मागितला.

त्याला आता बराच काळ झाला होता. गेल्या आठवड्यात तिच्या नवऱ्याने, राजवीरने, उन्हात उभी केलेली गाडी पाहिली आणि तो घरभर बडबडत फिरला. गल्लीतल्या पोरांचे काम असेल म्हणाला. आता ही नीट करून घे, पुन्हा रेघ दिसली तर गाडी धुवायला माणूसच ठेवतो म्हणाला. गणपतराव तेव्हा ओसरीवर पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटले नाही.

माणूस ठेवला तर मामंजींनी पहाटे उठायचे कशासाठी? आणि नाही ठेवला तर गाडीचे काय? रस्ताभर संयोगिता हेच घोळवत आली होती. सांगायला तर हवे, पण वाक्य काही जुळत नव्हते.

"जातील ना रेघा?" तिने विचारले.

"जातील की. पर ऐका." अबुजरने बॉनेटवर नख हलकेच टेकवले. "रंगावर एक पारदर्शक थर असतोय. कागदापरीस पातळ. तुमच्या रेघा त्या थरात हायत. मी काय करणार, तर थर रेघांच्या खोलीपत्तूर घासून सपाट करणार. म्हंजे थर कमीच होणार. आणि एक-दोनदा असं केलं की संपला. मग नवा रंग मारायचा. तवा ताई, काथ्या त्येवढा सोडा बघा."

"सोडते," संयोगिता म्हणाली.

अबुजरने गाडी धुतली, कडांना आणि रबराला निळ्या पट्ट्या चिकटवल्या, मशीन सुरू केले. मऊ स्पंजाची चकती बॉनेटवर सावकाश सरकू लागली. संयोगिता पेपर तपासायला बसली, पण तिचे लक्ष मागेच होते.

दुपारचा चहा आला तेव्हा खुर्ची रिकामी होती. ते गाडीजवळ उभे होते, हात पाठीमागे बांधून.

"पावणं, ह्ये पांढरं काय ऱ्हायलंय?"

"पॉलिश हाय, आबा. पुसून काढायचं."

"मी पुसू का?"

अबुजरने त्यांच्या हातांकडे पाहिले. रुंद, राठ, बोटांची पेरे फुगलेली. मग त्याने एक मऊ कापड चौघडी करून दिले. "दाब न्हाय द्यायचा. कापडाचं वजन पडंल तेवढंच. आणि सरळ. गोल न्हाय."

"पहिल्यांदाच व्यालेल्या म्हशीच्या सडाला हात लावावा तसं."

"ते आमाला काय ठावं, आबा! आमच्या कुरुंदवाडला घरात एक शेळी होती, तीबी लाथा घालायची."

गणपतरावांनी मागचे दार पुसले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सरळ, श्वास रोखून. कापड उलटले, पुन्हा पुसले. अबुजरने दिवा धरला. काळ्या रंगात एकही रेघ नव्हती, दिव्याचा फक्त एक गोळा होता आणि त्याच्या वर म्हाताऱ्याचा चेहरा.

"हात हलका हाय की ओ तुमचा," अबुजर म्हणाला. "मग ह्या ताईंना का शिकवलं न्हाईसा?"

गणपतरावांनी कापडाची घडी मोडून पुन्हा घातली. मग धुण्याची रीत त्यांनीच विचारून घेतली. साबणाची बादली वेगळी, धुवायचा मऊ हातमोजा खळबळायची वेगळी. सुरुवात टपापासून, चाकं शेवटी. दोनदा विचारले, मनाशी पुटपुटले, आणि निघताना मऊ कापडांचा गठ्ठा स्वतःच्या मांडीवर घेऊन बसले.

गाडी रस्त्याला लागली. उन्हे कलली होती. बॉनेटवर झाडे येत होती आणि सरकत होती, अख्खीच्या अख्खी, पानांसकट. संयोगिताला आता बोलायला हवे होते. तिने घसा साफ केला.

"मामंजी, गाडीचं एक..."

"उद्यापासनं तू नगं धूत जाऊ गाडी," गणपतराव समोर बघत म्हणाले. "तुला न्हाय जमत."

तिचा पाय ब्रेकवर थोडा जास्तच पडला. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्नचा तगादा लावला.

"बरं," ती म्हणाली.

"हात जड हाय तुझा. नाजूक काम हाय ते. मी बघतो."

"तुम्हाला त्रास होईल."

"कसला तरास? पहाटं जागाच असतो मी."

सिग्नलला गाडी थांबली. ते खिडकीबाहेर बघत होते, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता, फक्त कानाची पाळी लालसर झालेली दिसत होती. दिवा हिरवा झाला. बावड्याचा फाटा जवळ आला तसे त्यांनी आवाज खाली आणला.

"राजवीरला सांगू नगंस पर."

"काय?"

"तू घासलीस म्हणून. उगं बोलंल तुला."

संयोगिताने गिअर बदलला.

"न्हाय सांगत, मामंजी."