दोन मिनिटांचा कोड

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाला वेबसाइट कशाला लागते, हा प्रश्न काटेवाल्यांनी पंधरा वर्षांपूर्वी विचारला होता, आणि धाकट्या भावानं उत्तर न देता ती बनवूनच टाकली होती. धाकट्याची पद्धतच तशी. पुढे चार वर्षांनी, इलेक्ट्रॉनिक काट्याला काटा म्हणायचं की नाही, यावरून दोघांचं कडाक्याचं वाजलं. "ज्याला दांडी नाही, पारडं नाही, तो काटा नव्हे, कॅल्क्युलेटर," असं काटेवाले म्हणाले. "मग बस तू दांडी धरून," असं म्हणून धाकटा दुसऱ्या शहरात गेला आणि इलेक्ट्रॉनिक काट्यांच्याच कारखान्यात नोकरीला लागला. भांडायला याहून थोर कारणं जगात असतात, पण माणूस घरात जे हाताला लागेल त्यावरच भांडतो.

अबोला धरला तो धरलाच. आई गेली तेव्हासुद्धा दोघं एकमेकांशी शेजाऱ्यांमार्फत बोलले.

राहिली ती वेबसाइट. ती ज्या कंपनीकडे ठेवली होती, तिच्या दप्तरी फोन नंबर होता धाकट्याचा, आणि तो बदलायचं कुणाला सुचलं नाही. साइटवर एक अक्षर जरी बदलायचं झालं, तरी कंपनी आधी सहा आकड्यांचा कोड पाठवी. तो जाई धाकट्याच्या फोनवर. मग काटेवाल्यांना नाइलाजानं त्याला फोन लावावा लागे.

"कोड आला असेल."

"आलाय. लिही."

कोड दोनच मिनिटं चाले. तेवढ्यात आकडे व्हायचे, आणि आकड्यांच्या कडेकडेनं आणखी काही. "सर्दी झालीये का?" "जुनीच आहे." किंवा, "खोली बदललीस? आवाज घुमतोय." "हो, मोठी घेतली." एवढ्यावर काटेवाले महिनाभर काढत. मोठी खोली म्हणजे खिडक्या किती असतील, असा विचार करत एकट्यानं जेवत.

पहिला कोड हटकून चुके. "सहा म्हणालो का मी? नऊ असेल, दादा." मग दुसरा मागवायचा, म्हणजे आणखी दोन मिनिटं. इलेक्ट्रॉनिकनं पोराचा मेंदू खाल्ला, असं काटेवाल्यांचं निदान होतं.

पहिल्या वर्षी साइटवर दोन बदल झाले होते. गेल्या वर्षी एकेचाळीस. बहुतेक सगळे दुकानाच्या वेळेचे.

"तुमचं दुकान उघडतं तरी कधी?" एका सोनारानं विचारलं.

"साडेनऊला. कधी दहाला."

"आज सव्वानऊ लिहिलंय."

"मग सव्वानऊला," काटेवाले म्हणाले आणि खरंच सव्वानऊला येऊन बसू लागले. घरी बसून तरी काय करायचं होतं? लग्नाचा विषय आयुष्यात दोनदा निघाला होता आणि दोन्ही वेळा मुलीकडच्यांनी तो समजूतदारपणे मिटवला होता.

अशात कंपनीचं पत्र आलं. आम्ही हा व्यवसाय बंद करत आहोत, महिनाअखेरीपर्यंत साइट दुसरीकडे हलवा, अन्यथा ती पुसली जाईल. आपल्या सहवासाबद्दल आभार. कंपनीला आपला सहवास नेमका कधी घडला, हे काटेवाल्यांना आठवेना. त्यांनी पत्र तीन आठवडे वजनांच्या पेटीखाली दाबून ठेवलं. दाबून ठेवल्यानं ते मिटलं नाही. शेवटी एका दुपारी त्यांनी नव्या कंपनीला फोन लावला. तिकडून एक बाई बोलल्या. आवाज इतका प्रेमळ की नक्की पगारी असावा.

"सर, तुमची साइट आमच्याकडे उतरवून घेतली. आता तिचा पत्ता जुन्या कंपनीकडून सोडवायचा. त्यासाठी त्यांचा शेवटचा कोड येईल."

"शेवटचा?"

"हो सर. मग सुटलात त्यांच्यापासून."

काटेवाल्यांनी दुसऱ्या फोनवरून धाकट्याला लावला.

"कोड आला असेल."

"आलाय. हे काय, पत्ता सोडवण्याबद्दल लिहिलंय."

"साइट हलवतोय. जुनी कंपनी बंद पडतीये."

मग धाकट्यानं सहा आकडे सांगितले. सावकाश, एकेक, आणि पहिल्याच फटक्यात बरोबर.

"लागला?"

"लागला."

"म्हणजे आता मला कोड येणार नाहीत."

"नाही."

"बरं झालं. मीटिंगमध्ये असलं की पंचाईत व्हायची."

"हो ना," काटेवाले म्हणाले. एक मिनिट दहा सेकंदांत फोन संपला.

समोर भिंतीशी दोन स्टुलं होती. दुसऱ्यावर अकरा वर्षं सुटे पार्ट पडलेले असत. पूर्वी त्यावर बसून धाकटा वजनं पारखायचा. डोळे मिटून, नुसत्या अंगठ्यावर तोलून, अर्ध्या ग्रॅमचा फरक सांगायचा. त्याच्या हातून गेलेलं वजन एकदाही परत आलं नव्हतं. आणि हा माणूस अकरा वर्षं सहाचे नऊ करत होता, दर वेळी, न चुकता. आज मात्र चुकायचं काही कारण उरलं नाही, तसा चुकला नाही.

काटेवाले पेचकस हातात धरून बसून राहिले.

"सर, आहात ना?" बाई म्हणाल्या. "शेवटचं राहिलं. यापुढे कोड कुठल्या नंबरवर पाठवायचा? तुमचाच घालू?"

काटेवाल्यांनी नंबर सांगितला. तो पाठ होता.

"हा फोन तुमच्याजवळच असतो ना?"

"नाही. भावाजवळ. दुसऱ्या शहरात."

"मग कोड तुम्हाला कसा कळणार?"

"फोन करून विचारायचा."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"सर, फारच गैरसोय होईल हो तुमची."

"होऊ दे," काटेवाले म्हणाले. "सवय आहे."

पगारात न बसणारं काहीतरी बाईंच्या आवाजात आलं. "बरं. नंबर पक्का करायला आत्ता एक कोड पाठवते. आमचा कोड दहा मिनिटं चालतो. घाई करू नका."

काटेवाल्यांनी पुन्हा लावला. पहिल्या रिंगला उचलला गेला.

"कोड आला असेल."

"आलाय," धाकटा म्हणाला. "पण हा कुठल्या कंपनीचा?"

"नव्या."

"तुझा नंबर नाही दिलास?"

"माझ्या फोनचा काही भरवसा नाही."

धाकट्यानं घसा खाकरला. "लिही. चार, शून्य, सात, सात, एक, सहा."

काटेवाल्यांनी सावकाश एकेक बटण दाबलं.

"चुकला म्हणतोय."

"चुकला? थांब हं दादा, फोन ठेवू नकोस. चष्मा आणतो."

वयाच्या नवव्या वर्षापासून धाकट्याचा चष्मा आंघोळीपुरताच नाकावरून उतरत असे. काटेवाल्यांनी फोन कानाशी घट्ट धरला. पलीकडे पावलं वाजत लांब गेली. खोली खरंच मोठी होती. ड्रॉवर उघडला, मिटला. कुठेतरी नळ सुटला आणि बंद झाला. दुसऱ्या कुणाचा आवाज आला नाही.

काटेवाल्यांनी हळूच दुसऱ्या स्टुलावरचे पार्ट उचलून खाली ठेवले आणि घड्याळाकडे पाहिलं. अजून आठ मिनिटं होती.