धावड्याचे कंट्रोलवाले

गंधाली जालन्यात मस्तगडला राहायची आणि मानसशास्त्रात पीएच.डी. करत होती. रोज सकाळी पंधरा मिनिटं कालचा दिवस आठवून सांगितला, तर साठीपुढच्या माणसांची स्मरणशक्ती सुधारते का, हे तिला तपासायचं होतं. प्रयोगासाठी तिनं भोकरदन तालुक्यातलं धावडा निवडलं, कारण तिथली आशा कार्यकर्ती दैवशाला तिच्या ओळखीची होती आणि तिनं दोन दिवसांत चाळीस म्हातारी माणसं गोळा करून दिली.

आधी सगळ्यांची परीक्षा झाली. गंधालीनं वीस शब्द वाचून दाखवले आणि दहा मिनिटांनी ज्याला जेवढे आठवले तेवढे त्यानं सांगितले. मग चिठ्ठ्या टाकून वीस जण प्रयोग गटात आणि वीस जण कंट्रोल गटात गेले.

"कंट्रोलमध्ये ज्यांची नावं लागली, त्यांनी उद्या दहाला या," गंधाली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वीसच्या वीस माणसं रेशनकार्ड आणि पिशव्या घेऊन हजर. गावात रेशनच्या दुकानाला कंट्रोल म्हणतात, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. प्रयोग गटातलेही बारा जण आले होते, आमची नावं का काटली म्हणून भांडायला.

"इथं गहू-तांदूळ काही मिळणार नाही," गंधालीनं घसा बसेपर्यंत समजावलं. "हे कंट्रोल वेगळं."

"मंग आमी करायचं काय?" सत्तरीच्या बद्रीनाथनं विचारलं.

"काहीच नाही, काका. सहा आठवडे नेहमीसारखं राहायचं. काही बदल करायचा नाही. त्या वीस जणांना फरक पडला की नाही, ते तुमच्याकडं बघून कळणार."

बद्रीनाथनं पिशवीची घडी घातली. "म्हंजी सगळं आमच्यावर हाय," तो गंभीरपणे म्हणाला.

प्रयोग गटाचा उत्साह आठवडाभर टिकला. मिरचीची तोडणी सुरू होती, सकाळी बसायला कोणाला सवड नव्हती. दैवशाला घरोघर जाऊन हाका मारायची, तरी पाच-सहा जणच यायचे आणि तेही "काल? काल कालच्यासारखंच" म्हणून उठायचे.

कंट्रोल गटाचं मात्र वेगळंच चाललं होतं. तिसऱ्या दिवशी बद्रीनाथचा फोन आला.

"मॅडम, म्या सकाळचा च्या उभ्यानं पितो का बसून?"

"मला कसं माहीत असेल, काका?"

"आमची मंडळी म्हंती बसून. मला वाटून राह्यलं उभ्यानं. चुकीचं नको व्हायला. तुमचं शिक्षण हाय त्याच्यावर."

"कसाही प्या."

"कसाही कसा? नेहमीसारखा पायजे ना!"

वाद मिटेना, तेव्हा बद्रीनाथची बायको सगुणाबाई हिनं नातवाची जुनी वही काढली आणि दोघांनी काल काय काय केलं ते आठवून रोज लिहायला सुरुवात केली. ते बघून बाकीच्यांनीही वह्या आणल्या. मग रोज पाच वाजता सगळे लिंबाखाली जमायला लागले. कोणाचं नेहमीचं काय, हे साक्षीदार बोलावून ठरायचं. कौसल्याबाई देवळातून येताना डावीकडून येते की उजवीकडून, यावर दोन संध्याकाळी गेल्या. भुजंगराव नावाच्या निवृत्त पोस्टमनला खोकला झाला, तर तो औषध घेईना. खोकला नवीन आहे हे त्याला मान्य होतं, पण औषध न घेणं नेहमीचं होतं. गंधालीनं फोनवरून ओरडून त्याला बाटली उघडायला लावली.

चौथ्या आठवड्यात सगुणाबाईचा फोन आला. ती रडत होती.

"बाई, जल्दी ये. भासरे आल्ते दारात. अन् आमचे हे तोंड उघडंना गेले."

बद्रीनाथचा थोरला भाऊ तातेराव शेजारच्याच घरात राहायचा. अकरा वर्षांपूर्वी त्यानं दोघांच्या सामाईक जोडीतला एक बैल म्हातारा झाला म्हणून न विचारता विकला, तेव्हापासून भावाभावांचं बोलणं बंद होतं. आता त्याच दिवशी त्याच्या नातीच्या लग्नाची सुपारी होती आणि तो आपणहून बोलवायला आला होता. बद्रीनाथच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यानं बायकोला खुणेनं सांगितलं, "दोन आठवडे थांब म्हणावं."

गंधालीनं आपल्या मार्गदर्शकांना, वामन सरांना, फोन लावला. "कंट्रोल गटात हस्तक्षेप करू नकोस," सर म्हणाले. गंधालीनं फोन ठेवला आणि भोकरदनची बस पकडली.

ती पोचली तेव्हा तातेराव ओट्यावर बसलेला होता, बद्रीनाथ आत खाटेवर, आणि अंगणात अख्खा कंट्रोल गट.

"काका, बोला त्यांच्याशी. मी सांगते."

"अन् आकडे?"

"आकडे माझे मी बघते. तुमचं नाव वगळलं तरी चालेल."

बद्रीनाथचा चेहरा एवढासा झाला. "वगळता? चार आठवडे कवडीचाबी फरक पडू दिला न्हाई म्या!"

तेवढ्यात भुजंगराव खोकत पुढं आला.

"मॅडम, मला एक सांगा. बद्री आज सत्तरचा. एकोणसाठ वर्सं हे दोघं बोलत आल्ते. अकरा वर्सं बंद. मंग नेहमीचं कोणतं?"

गंधालीनं संशोधन पद्धतीची तीन पुस्तकं पाठ केली होती. त्यांत याचं उत्तर नव्हतं. कंट्रोल गटानं हात वर करून निकाल लावला: बोलणं नेहमीचं, अबोला हाच बदल. अकरा विरुद्ध सात. कौसल्याबाई तटस्थ राहिली आणि बद्रीनाथला मताचा अधिकार नव्हता.

बद्रीनाथ उठला, चप्पल घातली आणि ओट्यावर आला. तातेरावही उभा राहिला. सगुणाबाईनं पदर तोंडाला लावला.

"दादा," बद्रीनाथ म्हणाला, "बैल म्हातारा न्हवता."

"दात मोजल्ते म्या!"

"तुला काय कळते दातातलं?"

तसेच भांडत भांडत दोघं शेजारी सुपारीला गेले. गंधालीला तिथं दोनदा जेवायला लागलं.

सहा आठवड्यांनी पुन्हा परीक्षा झाली. प्रयोग गटाची सरासरी वीसपैकी आठ, म्हणजे होती तिथंच. कंट्रोल गटाची आठवरून चौदावर गेली होती. एकट्या बद्रीनाथनं सतरा शब्द सांगितले आणि वर गंधालीनं ते वाचताना कुठं श्वास घेतला तेही सांगितलं.

वामन सरांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "रकाने अदलाबदल झालेत तुझे."

"तीनदा तपासले, सर."

"फरक योगायोगानं येण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी? आणि तोही उलटा? काय करत होता तुझा कंट्रोल गट?"

"काहीच नाही, सर," गंधाली म्हणाली. "पण फार मनापासून."

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. प्रयोग पुन्हा करायला सांगितला, दुसऱ्या गावात. धावड्याचा निकाल मात्र जसाच्या तसा प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात घालायचा, हे गंधालीनं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

दुसऱ्या वेळी तिनं गणपतीचं राजूर घेतलं. कंट्रोल हा शब्द उच्चारायचा नाही, नेहमीसारखं राहा असंही म्हणायचं नाही, "सहा आठवड्यांनी भेटू" एवढंच सांगायचं, असं ठरवून गेली. गावच्या हॉलमध्ये चिठ्ठ्या शांतपणे पार पडल्या. दुसऱ्या गटातल्या बायाबापड्यांना तिनं नमस्कार करून निरोप दिला.

त्या दिवशी चतुर्थी होती. गणपतीच्या दर्शनाला आलेली एक जीप हॉलसमोर थांबली आणि तिच्यातून बद्रीनाथ, तातेराव, सगुणाबाई आणि भुजंगराव उतरले.

"मॅडम, दैवशालानं सांगितलं तुमी इथं हाव म्हून," बद्रीनाथ म्हणाला. त्यानं जाणाऱ्या म्हाताऱ्यांना हात करून थांबवलं. "तुमाला काहीच करायचं न्हाई सांगितलं ना? बसा मंग जरा. ते दिसतं तेवढं सोपं न्हाई."

गंधाली पुढं होईपर्यंत सगळे सतरंजीवर बसलेही होते, आणि सगुणाबाई प्रत्येकाच्या हातात एकेक कोरी वही देत होती.